सहावा आवाज

हातोडीचा हलका टोला मारायचा आणि थांबायचं, एवढंच माझं काम. सव्वीस वर्षं मी ते केलं. ओतून थंड झालेला लोखंडाचा नग साखळीला टांगलेला असतो. चांगला असेल तर टोल्यानंतर बराच वेळ गुणगुणत राहतो. आत कुठे केसाएवढा तडा असेल तर आवाज मध्येच बसतो. मग तो नग बाजूला काढायचा, मालक कितीही ओरडले तरी. उद्यमनगरातल्या हंबीररावांच्या फौंड्रीतून माझ्या कानावरून गेल्याशिवाय एकही नग बाहेर पडला नाही. ही फुशारकी वाटत असेल तर वाटू दे.

फौंड्रीत कान टिकत नाहीत. ग्राइंडरवर दहा वर्षं काढलेला माणूस देवळातसुद्धा ओरडून बोलतो. मी पहिल्याच वर्षी भांडून माझं बाक मागच्या कडुलिंबाखालच्या खोलीत हलवून घेतलं, आणि ग्राइंडिंगमधून जाता-येता कानांत कापसाचे बोळे घालायला लागलो. केरबा मला हसायचा. केरबा ग्राइंडरवरचा, माझा दोस्त. आम्ही दोघं एकाच महिन्यात कामाला लागलो.

"बाळंतीण हाईस काय रं, प्रभू?" असं तो सगळ्यांसमोर विचारायचा.

टोला मारला की मी डोळे मिटतो. जुनी सवय. डोळे उघडे असले की ते कानाच्या कामात लुडबुड करतात. मिटले की नगाचा आवाज लांब लांब जायला लागतो आणि त्याच्यामागून मीही. कधी तो मला कुरुंदवाडच्या घाटावर नेऊन सोडायचा. अव्वा, माझी आई, पायरीवर धुणं आपटत असायची आणि पलीकडच्या काठावरून त्याचा दुसरा आवाज येत असायचा, थोडा उशिरा. कधी उसातून वारा जात असायचा. आवाज विरला की मी परत खोलीत, समोर पुढचा नग. दिवसातून तीनशे वेळा मी असा गावी जाऊन यायचो आणि पगार मात्र कोल्हापुरात घ्यायचो.

२००६च्या फेब्रुवारीत परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने अट घातली. सगळ्या कामगारांचे कान तपासायचे, आणि ज्याला नीट ऐकू येत नाही तो कामावर नको. तपासायला बाहेरगावचा एक माणूस आला. गळ्यात टाय, हातात लॅपटॉप. ऑफिसात त्याच्यासमोर खुर्चीत बसायचं, हेडफोन घालायचा. तो एकेक बटण दाबणार आणि एकेक आवाज येणार, पहिला जाड, पुढचे बारीक होत जाणारे. एकूण सात. आवाज आला की हात वर.

आम्ही बावीस जण बसलो. एकवीस जणांनी सातही वेळा हात वर केला. मी डोळे मिटून घेतले आणि पाच वेळा केला.

पाचव्यानंतर मी वाट पाहत राहिलो. हेडफोनच्या आत विहिरीसारखं गार वाटत होतं. मी त्या शांततेत खाली खाली गेलो, तळाशी काही असेल म्हणून. काही नव्हतं. डोळे उघडले तेव्हा टायवाला कागदावर फुल्या मारत होता.

हंबीरराव मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या दिवशी हळू बोलले. "आण्णा, कागद म्हणतोय तुमास्नी बारीक आवाज ऐकू येत न्हाय. मी तरी काय करू? महिनाअखेरपर्यंत स्टोअरला बसा. फुडचं बघू."

फुडचं म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक होतं. मी हातोडी त्यांच्या टेबलावर ठेवली. तिचा दांडा माझ्या अंगठ्याने झिजून एका बाजूला खोलगट झाला होता. ती दुसऱ्या कुणाच्या हातात नीट बसणार नाही, या विचाराने मला बरं वाटलं. असला मी.

स्टोअरमध्ये मी अकरा दिवस बसलो. पत्र्यावरून ऊन सरकायचं, खिळ्यांच्या डब्यांवर यायचं, निघून जायचं. मागच्या खोलीतून टोले ऐकू यायचे. माझ्या जागी बसवलेला नवा माणूस दार ठोठावल्यासारखा ठोकत होता. मी ऐकायचो, आणि मग मनात यायचं, हे मला खरंच ऐकू येतंय की सव्वीस वर्षांचं आठवतंय? एकदा ही शंका आली की कशालाच धरबंध राहत नाही. चिमण्या खिडकीत यायच्या, चोची हलवायच्या. आवाज त्यांचा की माझ्या डोक्यातला, सांगता येईना. रविवारी सकाळी पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसलो, डोळे मिटून आवाज मोजले. पाणी. बादली. कुणाचं तरी खोकणं. सायकलची घंटी. कावळा. पाचाच्या पुढे मोजायचा धीर झाला नाही.

घरी मी चमच्याने तांब्या वाजवून बघत होतो, परात वाजवून बघत होतो. आमच्या कानडी घरांत बायको नवऱ्याला 'री' म्हणून हाक मारते. गौराची ती हाक साऱ्या गल्लीत सगळ्यात मऊ. आता ती स्वयंपाकघरातून कुस्तीच्या मैदानात ओरडावं तशी ओरडायला लागली.

"रीss! भाकरी वाढली हाय!"

"गौरा, मी बहिरा न्हाय."

"कोण म्हणालंय तसं?" ती आणखी मोठ्याने म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

केरबा रोज दुपारी चहा घेऊन स्टोअरमध्ये यायचा. शेजारी बसून, पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल असं बोलायचा. तो पूर्वीपासून तसाच. "मला तर सातीच्या साती आलं की मर्दा. सोप्पं होतं. तुझंच कसं काय झालं?" मी चहा प्यायचो. त्याचा राग यायचा, आणि तो आला नाही तर करमायचंही नाही.

बाराव्या दिवशी टायवाला ऑफिसच्या लोकांना तपासायला परत आला, तर लॅपटॉप मुकाच झाला. जाड नाही, बारीक नाही, कसलाच आवाज नाही. त्याने दोन थपडा मारून बघितल्या आणि दुसऱ्या कारखान्यात काम आहे म्हणून लॅपटॉप इथेच टाकून निघून गेला. हंबीररावांनी राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून शिवानीला बोलावलं. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी, पाठीला सॅक, मंगळवार पेठेत राहणारी, स्कूटीवर आलेली. तिने ऑफिसात इकडेतिकडे बघितलं.

"आवाज आला का सांगायला कोणतरी पायजे. माझं ध्यान स्क्रीनवर असतंय."

सगळे कामात होते. रिकामा एकटा मी. अख्ख्या फौंड्रीत बहिरा ठरलेल्या माणसाला तिने ऐकायला बसवलं. मी खुर्चीत बसलो. डोक्यावर हेडफोन चढवून डोळे मिटले.

तिने आधी हेडफोनची पिन स्वतःच्या वॉकमनला लावून बघितली. ठणठणीत. मग लॅपटॉपचा आवाज पूर्ण वाढवला. काही नाही. मग ती लॅपटॉपच्या आत कुठेतरी शिरली आणि स्क्रीनवरच्या एका पिवळ्या खुणेवर बोट ठेवलं.

"हे बगा आण्णा. ड्रायव्हर बिघडलाय."

"ड्रायव्हर?"

"लॅपटॉप आपल्या भाषेत बोलतोय, आतलं आवाजाचं कार्ड त्याच्या भाषेत. मधी दुभाष्या लागतोय. त्यो ड्रायव्हर."

हे मला चटकन कळलं. कुरुंदवाडच्या बाजारात माझा मामा दुभाष्या होता, कन्नड शेतकरी आणि मराठी व्यापारी यांच्यामधला. मामाला जो शब्द यायचा नाही तो गिळून टाकायचा आणि पुढे जायचा. दोघांनाही पत्ता लागायचा नाही.

शिवानीने बिघडलेला ड्रायव्हर काढून टाकला. लॅपटॉपमध्येच टायवाल्याने त्याची एक प्रत ठेवलेली होती, ती पुन्हा घातली आणि मशीन बंद करून चालू केलं. मग ओळीने सात बटणं दाबली.

"आलं," मी म्हणालो. "आलं. आलं. आलं. आलं."

"फुडं?"

"फुडं न्हाय, पोरी. मी हायच बहिरा. कागद बरोबर हाय." हे मोठ्याने पहिल्यांदाच म्हणालो.

तिने माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून स्वतः घातला. सहावं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. कपाळाला आठी घातली. सातवं दाबलं.

"मलाबी न्हाय आलं की!"

"म्हंजे तूबी बहिरी?"

ती हसली नाही. तिने लॅपटॉप उलटा केला, खालच्या चिठ्ठीवरचं नाव वाचलं, पुन्हा सुलटा करून ड्रायव्हरचं नाव वाचलं. दोन्ही नावं वेगळी. कुणीतरी दुसऱ्याच मॉडेलचा ड्रायव्हर यात घातला होता. जाड आवाज त्याला कळत होते, ते तो नीट पोचवत होता. बारीक आवाज त्याला येत नव्हते. ते तो गिळत होता, थेट माझ्या मामासारखा.

"दुकानात जाऊन बरोबरचा उतरवून आणते," ती म्हणाली. "जेवून घ्या तवर."

मी जेवलो नाही. कडुलिंबाखाली जाऊन बसलो. पानं हलत होती, आवाज येत होता, आणि मी त्याला विचारत होतो, बाबा, खरा आहेस का? ऊन पायांवर आलं. मला जरा डुलकी लागली असावी, कारण अव्वा घाटावर उभी दिसली. ती काही बोलत होती आणि मला नुसते तिचे ओठ दिसत होते.

शिवानी अडीच वाजता आली. तिने नवीन ड्रायव्हर घातला, मशीन बंद करून चालू केलं आणि हेडफोन माझ्या हातात दिला. पहिले पाच ओळखीचे. मग तिने सहावं बटण दाबलं.

तो आला. सुईच्या टोकाएवढा, पण आला. डोक्याच्या मधोमध उभा राहिला, आणि त्याच्यामागून मी नेहमीसारखा निघालो, घाटाच्या पायऱ्या उतरलो, पाण्यापर्यंत गेलो. सातवा त्याहून बारीक. तो पाण्यावरून पलीकडे गेला आणि काठावरून परत आला, थोडा उशिरा. मी रडलो. लपवलं नाही. पोरीने खिडकीबाहेर बघितलं आणि मला रडू दिलं.

मग तिने टेबलावरचा तपासणीचा कागद उचलला आणि हंबीररावांच्या केबिनमध्ये गेली. तिचं बोलणं मला दाराबाहेरून ऐकू आलं. बंद दाराबाहेरून, शब्द न् शब्द.

"मालक, त्या दिवशी सहावा आणि सातवा आवाज मशीनमधनं निघालाच न्हाय. आणि तुमच्या एकवीस माणसांनी त्यो ऐकलाय."

हंबीरराव आधी हसले, मग फौंड्री हादरेल असे ओरडले. एकवीस जणांनी काय केलं होतं ते लगेच उघड झालं. ते टायवाल्याच्या समोर बसले होते. त्याचं बोट बटणावर पडलं की हात वर. मी एकटा डोळे मिटून बसलेलो.

संध्याकाळी त्यांनी मला हातोडी परत दिली. दांडा माझ्या अंगठ्याखाली होता तसा बसला. घरी गेलो तर गौरा ओरडायच्या तयारीत होती. मी म्हणालो, "हळू बोल." तिने माझ्याकडे बघितलं आणि इतक्या हळू 'री' म्हणाली की शेजारी बसलेल्या मांजरालाही ऐकू गेलं नसेल. मला गेलं.

इथे गोष्ट संपली असती तर मला आवडलं असतं. पण दोन दिवसांनी टायवाला फेरतपासणीला आला. या वेळी खुर्ची उलटी ठेवली, माणसाची पाठ लॅपटॉपकडे. हंबीरराव म्हणाले, "आता मिशिनवर माझा इश्वास न्हाय. आमचा आण्णा बरोबर बसून ऐकंल." शिवानीने एका पिनेला दोन हेडफोन जोडून दिले. एक बसणाऱ्याला, एक मला. मी खुर्चीसमोर स्टुलावर बसलो, आवाज निघाला की नाही याचा साक्षीदार म्हणून.

पहिले चौघे तरुण होते. सात आवाज, सात हात. पाचवा केरबा.

तो खुर्चीत बसला आणि त्याने हेडफोन दोनदा काढून पुन्हा घातला. माझ्याकडे बघून हसायला गेला, ते जमलं नाही. त्याला नेहमीची चेष्टा सुचेना. तेव्हा मला कळलं, की अकरा दिवस तो चहा घेऊन का येत होता: ऐकू न येणारा तो होता आणि स्टोअरमध्ये मी बसलो होतो. अट तीच होती, ज्याला ऐकू येत नाही तो कामावर नको. ग्राइंडरवर सव्वीस वर्षं. चाक फिरवायला कान लागत नाहीत, पण कान गेले होते ते त्या चाकापायीच.

मी डोळे मिटले. पहिल्या चार आवाजांना त्याचा हात लगेच वर गेल्याचं टायवाला पुटपुटला. पाचव्याला थोडा उशीर. मग सहावा आला, माझा सहावा, सुईच्या टोकाएवढा, आणि माझ्या समोर काहीच हललं नाही. केरबाचा नुसता श्वास ऐकू येत होता.

मी डोळे उघडले. तो माझ्याकडेच बघत होता. मी उघडे डोळे त्याच्यावर धरून ठेवले आणि पापणीसुद्धा हलवली नाही. केरबाने हात वर केला.

सातवा आवाज आल्यावरही मी मिटलेले डोळे तसेच उघडले. त्याने हात वर केला आणि वरच ठेवला, टायवाल्याने "झालं, खाली घ्या" म्हणेपर्यंत. त्याचे डोळे भरले होते. माझेही. सव्वीस वर्षांत तडा गेलेला नग मी पहिल्यांदाच पुढे पाठवला होता.

टायवाल्याने पुढच्याला हाक मारली आणि मी पुन्हा डोळे मिटले.