पार्वताबाईचा मका

कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा तिवस्याजवळच्या आमच्या गावानं सलग दुसऱ्या वर्षी ज्वारी सोडून अगदी उंबरठ्यापर्यंत कपाशी पेरली. पार्वताबाईनं मात्र विहिरीजवळच्या तुकड्यात बैलांसाठी मका टाकला.

"पोळ्यापर्यंत बैल भरले नाई, तर पुढच्या साली इथंबी कपाशी," तिचा नवरा नत्थुजी म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि तुरा येताच हिरवा मका कापून बैलांपुढे टाकू लागली.

पोळ्याला सारे बैल तोरणाखाली उभे राहिले. कडबाच नव्हता, त्यामुळे सगळ्यांच्या बरगड्या दिसत होत्या. पार्वताबाईची जोडी तेवढी तुकतुकीत, मस्तीला आलेली. तोरण तोडायचा मान पाटलाच्या जोडीचा. पण डफडं वाजलं आणि हिचीच जोडी तोरण शिंगांवर घेऊन उधळली. मागं कासऱ्याला लोंबकळत, धोतर सावरत नत्थुजी. गाव हसून लोळलं.

पाटील तेवढे हसले नाहीत. "नत्थ्या, काय चारून राह्यला रे बैलाले?"

पार्वताबाई बायांच्या घोळक्यातून पुढं सरकली.

"मका, पाटील," नत्थुजी धूळ झटकत म्हणाला. "बायको कपाशीच लावा म्हणत होती. म्या आयकलं नाई. पुढच्या साली दुप्पट पेरतो."

हसू दाबायला पार्वताबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.