सिस्टरच्या कमरेवरची सहा वर्षे

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेला बांधतात तो. दागिन्यांतला कंबरपट्टा वेगळा. त्याचे लाड होतात, त्याला मऊ कापडात गुंडाळून ठेवतात. मी राखाडी रंगाचा, ताणल्या जाणाऱ्या कापडाचा, पाठीकडून चार पोलादी पात्या शिवलेला. पुढे चिकटायचे टोक आहे. पूर्वी ते असे घट्ट बसायचे की सोडवताना चर्रर्र आवाज यायचा. आता नुसते टेकते.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. तिथे बायका ओळीने शिलाई यंत्रांवर वाकून बसत. ज्या बाईने माझ्यात पात्या घातल्या, ती तासातासाला उठून स्वतःची कंबर धरायची. लोकांच्या कमरा सावरता सावरता तिची कामातून गेली होती, आणि तिच्याकडे मात्र पट्टा नव्हता. याचे मला तेव्हा काही वाटले नाही. खरे सांगायचे तर मला कशाचेच काही वाटत नाही. तशी सोय माझ्यात शिवलेलीच नाही.

औषधांच्या दुकानातून मला एका नर्सने घेतले. वॉर्डात सगळे तिला सिस्टर म्हणत, म्हणून मीही सिस्टरच म्हणतो. वॉर्ड पुरुषांचा, खाटा अठ्ठावीस आणि सकाळच्या पाळीला नर्स दोन. ज्यांना हलता येत नाही त्यांना कुशीवर वळवायचे, चादरीसकट वर सरकवायचे, धरून खुर्चीत बसवायचे. खाट उंच करायला पायथ्याशी दांडा होता, पण तो फिरवत बसायला वेळ कुणाला? त्यापेक्षा वाकणे लवकर होई. सिस्टर वाकायची.

पहिल्या दिवशी माझे केवढे कौतुक झाले! वॉर्डातली मदतनीस मावशी म्हणाली, "सिस्टर तर एकदम ताठच झाल्या की!" इन्चार्ज सिस्टरनेही मला चाचपून पाहिले. दुसऱ्या दिवसापासून मात्र वेगळीच गंमत सुरू झाली. जड पेशंट आला की हाक यायची, "अगं, तुझ्याकडे पट्टा आहे ना? मग तूच ये." मी आधार द्यायला आलो आणि तिच्या वाट्याला दुप्पट ओझे घेऊन आलो.

ओझे नुसते माणसांचे नव्हते. ती मनातल्या मनात काय घोकते, ते मला तिच्या श्वासावरून कळे. चार नंबरची साखर अकराला तपासायची. सात नंबरची सलाईन संपत आली. बारा नंबरला पाणी द्यायचे नाही, पाणी द्यायचे नाही. त्यात टेलिफोन, त्यात नातेवाईक, त्यात "सिस्टर, पंखा जरा मोठा करा." एवढे सगळे डोक्यात धरून ती नऊ नंबरच्या आजोबांच्या काखेत हात घालायची. "चला आजोबा, एक, दोन, तीन." तीनला माझ्या पात्या वाकायच्या.

तिच्याकडे एक छापील कागद असे. नवा पेशंट आला की त्यावरचे प्रश्न विचारायचे. दुखणे दहापैकी किती? मुंग्या येतात का? एखादी जागा बधिर वाटते का? सहा वर्षांत मलाही ते पाठ झाले. बधिर वाटते असे उत्तर आले की ती पेन ठेवून आधी डॉक्टरांना बोलवायची. यात तिची कधी चूक झाली नाही.

तिच्या स्वतःच्या डाव्या पायातून कळ यायची. कमरेतून निघायची ती थेट अंगठ्यापर्यंत. घरी आली की ती मला खुर्चीच्या पाठीवर टाकून पलंगावर आडवी व्हायची आणि तिची आठ वर्षांची लेक पाय दाबायला बसायची.

मग एक दिवस कळ थांबली.

"दुखतंय का गं आई?"

"नाही. आज चक्क नाही दुखत."

तीन-चार दिवस हेच उत्तर. एका संध्याकाळी लेकीने खोडी काढली. आईच्या डाव्या अंगठ्याला चिमटा घेतला. आई आपली छताकडे बघत पडून.

"आई, मी चिमटा काढला!"

"हो का? कळलंच नाही बघ."

"अगं, केवढा जोरात काढला!"

"मग पट्ट्याचा गुण आला म्हणायचा," आई म्हणाली आणि दोघी पोट धरून हसल्या. त्यानंतर तो खेळच झाला. लेक रोज एक चिमटा काढायची, आदल्या दिवसापेक्षा जोरात.

मित्रांनो, जो प्रश्न ती दिवसभर दुसऱ्यांना विचारायची, तो तिने स्वतःला विचारला नाही. दुखायचे थांबले, म्हणजे एक काम मिटले, असे तिने धरले. डोक्यात इतकी कामे असताना मिटलेल्या कामाकडे वळून कोण बघतो? श्रेय मला मिळाले. मी खुर्चीवर लटकत होतो.

पुढच्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, ती ट्रे घेऊन वॉर्डाच्या या टोकाकडून त्या टोकाला निघाली होती.

"सिस्टर, अहो, तुमची चप्पल!" नऊ नंबरचे आजोबा ओरडले.

डावी चप्पल चार खाटा मागे पडली होती. तिथून तिच्यापर्यंत फरशीवर लाल ठसे उमटले होते. इंजेक्शनच्या फुटलेल्या कुपीची काच तळव्यात शिरली होती. सिस्टरने खाली पाहिले. तो पाय दुसऱ्या कुणाचा असावा, तसे पाहिले.

पाळीतल्या दुसऱ्या, धाकट्या नर्सने तिच्या हातातला ट्रे घेतला, तिला रिकाम्या खाटेवर बसवले आणि तोच छापील कागद पुढे ओढला.

"दुखणं, दहापैकी?"

"शून्य."

"मुंग्या?"

"होत्या. आता नाहीत."

"बधिर वाटतंय का?"

सिस्टरने तळव्यातल्या काचेला बोट लावून पाहिले. धाकटीने पेन खाली ठेवले आणि डॉक्टरांना बोलवायला धावली.

मणक्यातली गादी सरकून नस दबली होती. ऑपरेशन झाले. "थोडं आधी आला असतात तर," असे म्हणून डॉक्टर थांबले. आता सिस्टर केसपेपरच्या खिडकीत बसते. चालताना तिचे डावे पाऊल उचलत नाही, फरशीला घासते. मावशीने ऐकलेले सांगितले, की लेकीने आईला विचारले, "मी जोरात चिमटे काढले म्हणून झालं का?" आई म्हणाली, "नाही गं राणी. तू तर रोज सांगत होतीस. मीच ऐकलं नाही."

मी वॉर्डातल्या टेबलाच्या खणात पडून राहिलो. एक दिवस इन्चार्ज सिस्टरने मला बाहेर काढले आणि धाकटीपुढे धरले. "घे, पट्टा बांध. नऊ नंबरला नवा पेशंट आलाय, जड आहे."

धाकटीने मला घेतले आणि परत खणात ठेवले. "आधी खाट वर घेते, सिस्टर. आणि तुम्ही पलीकडून धरा."

खण बंद झाला. बाहेर गंजलेल्या दांड्याची कुरकुर बराच वेळ चालली. मग दोघींचा आवाज एकदम आला, "एक, दोन, तीन."

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी आपली निगा राखा म्हणून विनवतात. मला धुतले नाही तरी चालेल. मी खणात बरा आहे. पण तुमच्या घरी कुणी दिवसभर दुसऱ्यांना उचलून दमून येत असेल, तर दुखतंय का, असे रोज विचारा. नाही म्हटले, तर पायाच्या अंगठ्याला हळूच एक चिमटा काढा. आणि "कळलंच नाही" असे उत्तर आले, तर हसू नका.