एकतीस टक्क्यांवर वाचलेली वही

मी बोलतोय. इकडेतिकडे बघू नका, टेबलाखालून बोलतोय. एका बाजूचं झाकण आत्ताही उघडं असलेला, काळा, उभा डबा दिसतोय ना, तोच मी. घरचा कॉम्प्युटर.

माझी काही भावंडं दुकानातून तयार होऊन, खोक्यात बसून येतात. त्यांना जन्मतारीख असते, वॉरंटी असते. माझं तसं नाही. माझा डबा एका बंद पडलेल्या ऑफिसातून आला, पंखा कोणाच्या तरी माळ्यावरून आला, मदरबोर्ड तेवढा नवा. हे सगळं एका सुट्टीच्या सकाळी जेवणाच्या टेबलावर मांडून मला जुळवलं ते या घरच्या सूनबाईने.

सूनबाई चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासते. आठवडाभर लोकांना विचारते, "हे स्पष्ट दिसतंय, की हे?" आणि सुट्टी मिळाली की स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसते. कोणी स्वेटर विणतं, हिने मला विणलं. तिचा नवरा शाळेत भूगोल शिकवतो. त्या दिवशी टेबल माझ्या अवयवांनी भरलेलं, म्हणून मास्तर ओट्याशी उभं राहून जेवला आणि म्हणाला, "अगं, हे पोर जन्माला यायला अजून किती वेळ?"

पोर जन्माला येईना. वायर लावली, बटण दाबलं, पंखा फिरला, पण पडदा काळाच. सूनबाईने सगळं काढलं, पुन्हा लावलं. परत तेच. तेव्हा तिचे सासरे आले. म्हातारे घड्याळजी. चाळीस वर्षं मनगटी घड्याळं दुरुस्त केलेली. दुकान बंद झालं तरी डोळ्याला लावायचं भिंग खिशातच. त्यांनी भिंग लावलं आणि माझ्यात डोकावून मेमरीच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"ही डावीकडून राईएवढी वर राहिलीय."

"बाबा, मोडेल म्हणून मी जोरात दाबली नाही."

"दाबू नकोस. बसव."

कट्ट असा आवाज झाला आणि मी जगात आलो.

आता माझ्या आयुष्यातली खरी गंमत सांगतो. माणसाचं म्हणे शरीर बदलतं आणि जीव तोच राहतो. माझं उलटं. शरीर तेच, जीव दर पंधरवड्याला नवा. सूनबाईला नवनव्या ऑपरेटिंग सिस्टिम घालून बघायचा नाद. जगात कुठेतरी कोणीतरी नवी काढली की हिला चैन पडायचं नाही. ती उतरवून घ्यायची, पेनड्राइव्हवर चढवायची, मला जुन्यातून पुसायची आणि नव्यात उठवायची. मी डोळे उघडायचो तेव्हा कधी बटणं वर, कधी खाली, कधी डावीकडे. एका सिस्टिममध्ये तर बटणंच नव्हती. सगळं टाइप करून सांगायचं. बंद कसं करायचं हेच मास्तरला उमगेना, शेवटी तो मला चालू ठेवूनच शाळेत गेला.

"अगं, परवापर्यंत प्रिंट इथे होतं!"

"आता तिथे आहे. हे जास्त सोपं आहे."

"मला सोपं नको. मला जिथल्या तिथे हवंय!"

प्रिंटर तर माझ्याशी अबोलाच धरून बसला होता. दर वेळी नवी ओळख करून द्यायची, आणि त्याने ओळख नाकारायची. सूनबाई मात्र खूश. "काय हलकी आहे रे ही! अकरा सेकंदांत उठतो बघ." वाचवलेल्या सेकंदांचं ती काय करायची? पुढच्या सिस्टिमची माहिती वाचायची.

या सगळ्या धांदलीत एकच गोष्ट हलायची नाही. माझ्या पोटात दोन डिस्क. लहान डिस्कवर सिस्टिमचे प्रयोग, मोठीवर घराचा संसार. आणि नवी सिस्टिम आली की सूनबाई सगळ्यात आधी पडद्यावर मधोमध एक भलंमोठं चित्र ठेवायची. त्याखाली नाव, 'बाबांची वही'.

बाबा रोज दुपारी माझ्यासमोर बसायचे आणि एका बोटाने टाइप करायचे. दुरुस्त केलेल्या घड्याळांच्या हकिगती लिहायचे ते. नाव, 'घड्याळांची दुखणी'. सहा वर्षांत दोनशे बारा पानं झाली होती. त्यात एक घड्याळ होतं, जे दुकानात अचूक चालायचं आणि गिऱ्हाइकाच्या घरी गेलं की दहा मिनिटं पुढे जायचं. बाबांनी तीनदा उघडलं, दोष सापडेना. चौथ्यांदा गिऱ्हाईक बायकोला घेऊन आलं. तिने बाबांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, "तुम्ही त्रास घेऊ नका. काटे मीच पुढे करते. नाहीतर हे घरातून हलत नाहीत." बाबांनी गिऱ्हाइकाला सांगितलं, "घड्याळाला तुमच्या घरची हवा मानवते. राहू द्या असंच." हे लिहिताना बाबा स्वतःशीच इतके हसले की माझं टेबल हललं.

आणि मग तो रविवार आला.

सकाळी सूनबाईने माझी धूळ झाडली. वायरी काढल्या, पुसल्या, परत लावल्या. लावताना दोन डिस्कच्या वायरींची अदलाबदल झाली, आणि लहान डिस्कच्या नंबरावर मोठी आली. मला कळलं, तिला नाही. जेवणं झाल्यावर तिने नवी सिस्टिम असलेला निळा पेनड्राइव्ह लावला. मी नेहमीप्रमाणे विचारलं, निवडलेल्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, नक्की? तिने नेहमीप्रमाणे न वाचता 'हो' म्हटलं. माणसं हे वाक्य कधीच वाचत नाहीत.

मी ओरडलो. पण माझं ओरडणं म्हणजे पंख्याचा घरघराट. "आज तापलाय जरा," असं म्हणून तिने खिडकी उघडली.

पुसणं एकतीस टक्क्यांवर आलं तेव्हा तिची नजर डिस्कच्या क्षमतेच्या आकड्यावर गेली. हातातला कप तसाच टेकवून ती खाली वाकली आणि भिंतीतून माझी वायर उपटली.

 मग उठून बाबांच्या खोलीच्या दाराशी गेली.

"बाबा, माझ्याकडून चुकून मोठी डिस्क पुसली गेली."

"म्हणजे वही?"

"हो."

"निळ्या पेनड्राइव्हवर तू एक प्रत ठेवली होतीस ना?"

"नवी सिस्टिम त्याच पेनड्राइव्हवर चढवली, बाबा. परवाच. लक्षातच आलं नाही."

हीच बाई दुकानातल्या प्रत्येकाला 'कॉपी ठेवा, कॉपी ठेवा' म्हणून हैराण करायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त "बरं" म्हणाले आणि दार लोटून घेतलं. चार दिवस ते जेवायला येत, जेवत, आणि उठून जात. मास्तरने धीर द्यायला म्हटलं, "बाबा, तुम्हाला तर सगळं पाठ आहे. पुन्हा लिहा की!" बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की पुढची भाकरी त्याने मागितलीच नाही.

सूनबाईने सबबी सांगितल्या नाहीत. दुकानातून रजा घेतली, एक कोरी डिस्क आणली, दुसऱ्या पेनड्राइव्हवरून मला उठवलं. पुसलेल्या डिस्कवर आणखी काही लिहिलं नाही, तर खाली राहिलेलं परत वाचता येतं. पाटी पुसली तरी तिरकी धरली की अक्षरं दिसतात, तसं. मी वाचत बसलो. दोन दिवस. माझ्याच पोटात मीच चाचपडत होतो.

हाती आले चौदा हजार तुकडे. नावं गेलेली, नुसते नंबर. प्रत्येक उघडून बघायचा. एकात घड्याळ, दुसऱ्यात मास्तरची प्रश्नपत्रिका, तिसऱ्यात कपडे धुण्याच्या मशीनचं माहितीपत्रक. काही तर एकमेकांत मिसळलेले. सूनबाई मोठ्याने वाचायची, "'मुख्य स्प्रिंग सैल झाली की घड्याळ मागे पडते. म्हणून नदीच्या खननकार्याची तीन उदाहरणे द्या.'"

दाराच्या आडून आवाज आला, "स्प्रिंगपर्यंत माझं आहे."

ती वळली नाही. "आणि हे? 'पाण्यात पडलेले घड्याळ तांदळात ठेवू नये.'"

"माझं." बाबा दोन पावलं आत. "'नये'च्या पुढे काय आहे?"

"'फक्त थंड पाण्यात, रंगीत कपडे वेगळे.'"

बाबांच्या मिशा हलल्या. खुर्ची ओढून ते शेजारी बसले, ते पाच दिवस उठले नाहीत. ती उघडायची, ते ओळखायचे. "माझं. त्याचं. मशीनचं. माझं, पण वाईट लिहिलंय, फेकून दे." फेकायचं म्हटलं की ती ते गुपचूप ठेवायची.

पाचव्या दिवशी एक तुकडा उघडला आणि ती वाचू लागली. "'आमच्या सूनबाईला चालतं यंत्र बघवत नाही. दिसलं की उघडते.'"

"ते नको वाचूस," बाबा घाईने म्हणाले.

ती वाचतच राहिली. "'हा दोष मला ओळखीचा आहे. माझ्या लग्नात सासऱ्यांनी मला त्यांचं स्वतःचं घड्याळ दिलं. उत्तम चालत होतं. मी आठवड्याच्या आत उघडलं, आणि ते पुन्हा चाललं नाही. बायकोला सांगितलं, मुळातच नादुरुस्त होतं. त्या घड्याळासाठी मी हा धंदा शिकलो.'"

 मी माझा पंखा जरा हळू फिरवला.

"सांगितलंत कधी आईंना?"

"तिला ठाऊक होतं," बाबा म्हणाले. "शेवटच्या आजारपणात म्हणाली, आता तरी दुरुस्त झालं का हो ते? छत्तीस वर्षं गप्प बसली बाई."

सूनबाई हसायला लागली आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. बाबांनी भिंग पुसायला घेतलं.

"चिडलायत अजून?"

"चिडलोय ना. पण तुझ्यावर चिडायला मला तोंड आहे का?"

दोनशे बारांपैकी एकशे सत्त्याऐंशी पानं परत मिळाली. उरलेली पंचवीस गेली ती गेली. बाबांनी त्यांतली अकराच नव्याने लिहिली. बाकीची, म्हणाले, उगीच फुगवलेली होती. वहीच्या प्रती आता तीन ठिकाणी आहेत, आणि एक कागदावर. बाबांचा भरवसा कागदावर.

आता मी म्हातारा झालोय. सूनबाईने दुसरा कॉम्प्युटर जुळवलाय, मोठ्या देखण्या डब्यातला, आणि मला बाबांच्या खोलीत बढतीवर पाठवलंय. मला वाटलं होतं, आता विश्रांती. कसली विश्रांती! गेल्या महिन्यात बाबांनीच विचारलं, "ती नवीन सिस्टिम निघालीय म्हणे, ती आपल्याला जमेल का गं?" तेव्हापासून सासरा आणि सून मिळून मला उघडतात. मास्तर दारातूनच हात जोडतो आणि परत जातो.

माझी तुम्हाला एकच विनंती. तुमच्या घरी माझं कोणी भावंड असेल, तर त्याच्या पोटात जे जीवाभावाचं आहे त्याची प्रत आजच दुसरीकडे ठेवा. माझ्या पोटातलं वाचलं म्हणून दर वेळी वाचेलच असं नाही.

आता आटोपतं घेतो, कारण हे दोघं माझं झाकण लावतायत. लावून झालं. बाबांच्या तळहातावर एक स्क्रू उरलाय.

"हा याचा नाही," सूनबाई म्हणाली.

"नाहीच," बाबा म्हणाले, आणि स्क्रू त्यांनी खिशात टाकला.

तो माझाच आहे. कुठला आहे, तेही मला ठाऊक आहे. बटण दाबलं गेलं. दोघंही पडद्याकडे बघत होती. जरा खडखडलो, आणि चालू झालो.