पापणी लवायच्या आत

"कशालाच हात लावू नका हं, बाबा."

"नाही लावत, बाई. सकाळपासून हात काखेत घालून बसलोय."

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, स्टुलावर ते खरंच तसे बसले होते. आयुष्यभर बस चालवलेला माणूस; ताटकळत बसण्याची सवय होती. आई गेल्यावर महिन्याभरानं ते लेकीकडे राहायला आले आणि आज आपणहून म्हणाले, तुझं काम बघायचंय.

काम म्हणजे खोलीभर लांब पोलादी नळी. सकाळपासून पंप लावून लेक तिच्यातली हवा उपसत होती. आत बोटाचा डाग जरी राहिला, तरी त्यातून जादा हायड्रोजन सुटायचा आणि आकडा बिघडायचा.

"मोजतेस काय नेमकं?"

"हायड्रोजन जळतो ना, तेव्हा त्याचा अणू ऑक्सिजनला किती वेगानं फोडतो, ते. भयंकर तापमानाला."

"आणि वेळ किती लागतो त्याला?"

"पापणी लवायच्या आत शंभरदा उरकेल."

बाबा हळूच म्हणाले, "आई दवाखान्यात होती, तेव्हा हेच चाललं होतं?"

पंप घरघरत होता.

"हो. डॉक्टर म्हणाले होते, अजून थोडे दिवस आहेत. म्हटलं, एवढं संपवून निघावं."

बाबांनी मान हलवली. रागानं की नुसतीच, तिला कळेना.

दुपार कलल्यावर हायड्रोजन-ऑक्सिजन भरून नळी तयार झाली. तिनं त्यांच्या कानांवर जाड झाकणं चढवली आणि कळ दाबली. धाडकन आवाज झाला, पायाखालची फरशी हादरली. संगणकाच्या पडद्यावर एक रेघ झर्रकन खाली उतरली.

"झालं?"

"झालं. रेघ जितकी उभी, तितका वेग जास्त."

"बरोबर आली?"

"चांगली आलीय. पण एकीवर भागत नाही. अशा पुष्कळ लागतात."

बाबा रेघेकडे बघत राहिले. "आई मला विचारायची, आपली लेक करते तरी काय. मी आपलं ठोकून द्यायचो, गॅसचं काहीतरी." ते थांबले. "तुला विचारून नीट सांगायला हवं होतं तिला."

नळीचा सांधा उघडून तिनं ॲल्युमिनियमची फुटलेली चकती बाहेर काढली. हीच फुटल्यावर आत दाबाचा धक्का सुटतो आणि वायू एकदम तापतो. आता तिच्या चार पाकळ्या उलगडल्या होत्या.

"ही परत लागते?"

"नाही. भंगारात जाते."

"मग मला दे."

कडा धारदार होत्या. बाबांनी चकती रुमालात नीट गुंडाळली, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली.

"पुढची लाव तू," ते म्हणाले. "मी थांबतो."