शिरेचं वळण

शेतकी खात्याच्या साहेबांच्या गळ्यात कायम भिंग लटकत असे. ते डोळ्याला लावलेलं मात्र कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून त्यांचं नाव पडलं भिंगसाहेब.

त्या सकाळी त्यांनी पेरूच्या बागेतला सापळा उघडला, आत पट्टेरी पंखांच्या आठ माश्या पाहिल्या आणि शिक्का मारलेला हुकूम हातात देत ठोकून दिलं, "फळमाशी! सगळी फळं उतरवून पुरून टाका. उद्या दुपारपर्यंत."

बागवाल्याचं वर्षाचं पीक झाडावर होतं. त्यानं थोरल्या बहिणीला बोलावलं. चाळीस वर्षं ती प्रयोगशाळेत माश्यांचे पंख काचेवर बसवत आली होती. बागवाल्याची मुलं तिला आत्या म्हणत. तिच्या जिभेच्या धाकानं शेजारीपाजारीही आत्याच म्हणत, जरा लांबूनच.

"फळमाशी कशावरून?" आत्यानं विचारलं.

"पंखावर पट्टे आहेत की!"

"गाढवाला पट्टे रंगवले तर झेब्रा म्हणाल?"

"बाई, मी अधिकारी आहे."

"ते शिक्क्यावरून कळलं. एखादा पेरू कापून पाहिलात? आत अळी होती?"

"तेवढा वेळ कुणाला आहे?"

"पुरायला आहे वाटतं."

आत्यानं पेट्या बांधायच्या टेबलावर आपला जुना सूक्ष्मदर्शक ठेवला आणि एक पंख काचेवर पसरला.

"या. वाका. पुढच्या कडेजवळ एक बारीक शीर दिसते? फळमाशीची ही शीर शेवटी एकदम काटकोनात वळते आणि पुसट होते. हिची बघा. सावकाश वाकत थेट कडेला मिळते. ही कुजक्यावर बसणारी माशी. नुसता पट्ट्यांचा तोरा. कूळच वेगळं."

साहेब कसनुसं हसले. "ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात."

"ऋषीचं. माशीचं विचारावं. त्याचाच पगार घेता तुम्ही."

आठही माश्यांची शीर तशीच निघाली. मग आत्यानं वेगवेगळ्या झाडांचे चाळीस पेरू कापायला लावले. कापले साहेबांनीच. एकातही अळी नव्हती. त्यांनी हुकूम फाडला आणि ते म्हणाले, "मला शंका होतीच."

बागवाला मात्र आनंदानं रडायच्या बेतात होता. "ताई, वाचवलंस गं!"

"थांब. कुजक्यावरच्या माश्या तुझ्या सापळ्यात आल्या कुठून?"

बागवाल्यानं कुंपणाकडे पाहिलं. कुंपणाशी सडक्या पेरूंचा ढीग पंधरा दिवस वास मारत होता. रोज तो 'उद्या उचलतो' म्हणत होता.

"साहेबांना अक्कल नाही," आत्या म्हणाली, "पण तुला नाकही नाही? खरी फळमाशी आली तर याच पडलेल्या फळांत पिल्लावळ वाढवील. मग सगळी फळं पुरा म्हणून मीच सांगेन."

ती गंमत करत नव्हती. बागवाल्यानं फावडं उचललं आणि ढिगाशेजारी खड्डा खणायला घेतला.