देवांच्या भोपळ्यात पावडर

नवसीचा आवाज असा, की तिनं डोंगराच्या पायथ्याला गाणं लावलं तर तिकडे दांडी गावाला समुद्रकाठी वाळत घातलेले बोंबील वलांडीवर नाचायला लागायचे. खोटं वाटत असेल तर दांडीला जाऊन विचारा. माणसं सांगणार नाहीत, बोंबीलच सांगतील.

नवसी धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नात भटजी नाही लागत, धवलेरी लागते. ती मांडवात बसून गाते, गाण्यातून एकेका देवाला नाव घेऊन बोलावते. बाया मागून म्हणतात, "आला गं आला!" सगळे देव आले, गाणं पुरं झालं, की लग्न लागलं. मधेच तुटलं तर नाही लागलं, मग नवरानवरी कितीही हळद लावून बसोत. नवसीचं गाणं कधी म्हणून तुटलं नव्हतं. एकदा तर खराखुरा वाघ मांडवात शिरला, तरी ही गातच राहिली. वाघ मुकाट्यानं शेवटपर्यंत बसला आणि जाताना नवरदेवाच्या पाया पडून गेला.

अशा नवसीला पारूच्या लग्नात भर दुपारी झोप लागली.

बोईसरला केमिकलच्या कंपन्या एकीला एक लागून उभ्या राहत होत्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. पारूचा नवरा मंगळ्या तिथंच एका कंपनीत ड्रम उचलायचा. म्हणून लग्नाला पाड्यावर कधी नव्हे ती मोठी मंडळी आलेली. कंपनीचा सुपरवायझर साहेब जीप घेऊन आला. हवालदार आला. डॉक्टरच्या दवाखान्यातला कंपाउंडर आनंदा आला, गुजरातच्या रस्त्यावर ट्रक चालवणारा रामा आला. त्यांच्यासाठी झाडाखाली खाटा टाकल्या होत्या आणि खाटांजवळ ताडीची दोन मोठी मडकी.

नवसीनं हिरव्या देवाला बोलावलं, तो आला. कणसरीला बोलावलं, ती आली. वाघोबाचं नाव ओठांवर आलं आणि तिची मान खाली गेली ती थेट तांदळाच्या पिठानं काढलेल्या देवचौकावर.

डोळे उघडले तेव्हा सावल्या लांब झालेल्या. गालाला पीठ, तोंडात कडू चव. पारू तिच्या तोंडावर पाणी मारत होती आणि रडत होती.

"मावशी, ऊठ गं! बाबाला नेतात!"

नवसी उठून बसली. खाटांवरची मंडळी आत्ता कुठं शुद्धीवर येत होती. रामा कोंबड्यांच्या डालग्यावर पालथा पडलेला. कंपाउंडर स्वतःचीच नाडी बघत होता आणि ती सापडत नव्हती. हवालदाराची टोपी बकरीनं खाल्लेली. पण हवालदाराचा हात मात्र जाग्यावर होता. त्यानं पारूच्या बापाचं, जिव्याचं, मनगट धरलेलं.

"ताडीत काय घातलंस? बोल! साहेब मेले असते म्हणजे?"

"काय नाय घातलं हो," जिव्या रडकुंडीला आला. "पहाटं झाडावरून उतरवली ती तशीच आणली. मी कदी घातलं काय?"

"हे लोक असेच," साहेब डोकं दाबत म्हणाला. "पितात आणि दुसऱ्यालाही मारतात. न्या त्याला चौकीवर."

नवसीच्या अंगाला आग लागली. जिव्याची ताडी ती पोरपणापासून पीत आली होती. त्या ताडीनं गाणं सुचायचं, झोप नाही यायची. आणि बायांचं मडकं वेगळं होतं, त्यातली ताडी पिऊन एक बाई झोपली नव्हती. झोपले ते खाटांवरचे, आणि नवसी.

नवसीच का? ती तर बायांत बसली होती.

मग तिला आठवलं. धवलेरीनं आधी देवाला ताडी शिंपडायची, मग उरलेली स्वतः प्यायची. ती ताडी वाळक्या भोपळ्यात भरतात, आणि भरतात ती प्रत्येक मडक्यातली थोडी थोडी. देवाला सगळ्यांच्या वाट्यातलं लागतं. सकाळी जिव्या भोपळा भरत होता तेव्हा मंगळ्या खाटांजवळून धावत आला होता.

"सासऱ्या, ह्या मडक्यांतली नको घेऊ!"

"का रं? देवाला काय दोन मडकी गाळून देऊ?" म्हणत जिव्यानं भरलीच होती. आणि मंगळ्या गप्प बसला होता. भोपळा नवसीच्या तोंडाला लागला तेव्हाही गप्प.

नवसीनं मंगळ्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. बाशिंगाच्या झिरमिळ्या तोंडावर आल्या ते त्याला बरंच झालं.

"हवालदार," नवसी म्हणाली, "गाणं अर्धं हाय. वाघोबा दारात अडकलाय. गाणं होईस्तोवर मांडवातून कोन बाहेर जायाचा नाय. गेला तर वाघ त्याच्या मागं जातो."

हवालदारानं टोपीसाठी डोक्याला हात लावला, टोपी नव्हती. तो थांबला. मनगट नाही सोडलं.

नवसी गायला बसली. आवाज असा निघाला की झाडावरचे कावळे उडाले ते सफाळ्याला जाऊनच बसले. पण वाघोबाचं नाव आलंच नाही.

"ये गं ये, अफूबाय ये,
रामाच्या ट्रकातून ये,
चहात बुडून, जिभेखाली बसून,
गुजरातच्या रस्त्यानं ये!"

बाया क्षणभर गांगरल्या. मग लाडकी नावाची म्हातारी खच्चून ओरडली, "आली गं आली!" आणि सगळ्या ओरडल्या.

"ए नवसे, काय बोलतेस?" रामा डालग्यावरून उठला. "ती झोप येऊ नये म्हनून घेतो. ती काय नशा हाय?"

नवसी जळणाच्या मोळ्या घेऊन सगळं बोईसर फिरायची. घरांच्या मागच्या दारानं जायची. मोळी विकणारी बाई कुणाला दिसत नाही, पण तिला सगळं दिसतं.

"ये गं ये, खोकल्याच्या बाटलीबाय ये,
आनंदाच्या कपाटातून ये,
खोकला नाय, ताप नाय,
बाटलीवर बाटली ये!"

"आली गं आली!"

"ते औषध आहे!" कंपाउंडर ओरडला.

"ये रं ये, गांजादादा ये,
जप्तीच्या पोत्यातून ये,
पोतं भरून चौकीत गेलास,
मूठभर होऊन ये!"

"आला गं आला!" आता पोरीबाळीही ओरडत होत्या. हवालदाराचा चेहरा मडक्यासारखा झाला.

"बंद कर!" साहेब उठला. "लग्न आहे की तमाशा?"

"साहेब, तुमचीच बारी," नवसी म्हणाली. तिचे डोळे लाल झालेले. "कॉलनीत तुमच्या पार्टीला पांढऱ्या गोळ्या बशीत ठेवतात, बडीशेपीसारख्या. सकाळी ती बशी कोन धुतं, ठाव हाय? आमच्याच पोरी. तुमची ती पार्टी. ह्याचं ते औषध. त्याचा तो जागरणाचा चहा. आनि दारुडे कोन? जिव्या! देवाला शिंपडल्याबिगर थेंब न घेनारा जिव्या!"

मग ती मंगळ्याकडे वळली.

"आता तुजी बारी, नवरदेवा. मी नाय बोलावनार. तूच नाव घे."

मंगळ्यानं साहेबाकडे पाहिलं. साहेबानं त्याच्याकडे असं पाहिलं, की उद्याची हजेरी त्या नजरेतच कापली गेली. मंगळ्यानं झिरमिळ्या आणखी तोंडावर ओढल्या.

पारू उठली. तिनं कपाळाचं बाशिंग सोडलं, देवचौकावर ठेवलं आणि बापाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आपलंही मनगट पुढं केलं.

"मलाबी न्या."

"मी घातली!" मंगळ्या ओरडला. "पावडर मी घातली. साहेबानं पुडी दिली कंपनीतली. म्हनाले, तुमची ताडी म्हंजे नुसतं पानी, जरा चढेल अशी कर. खाटांपुरतीच घातली होती मी. बाय, घालताना भोपळ्याचं माज्या ध्यानातच नाय आलं!"

हवालदारानं जिव्याचं मनगट सोडलं. साहेबाचं मात्र धरलं नाही.

"धर की!" नवसी कडाडली. "काय झालं हाताला? लकवा भरला?"

"वर विचारावं लागेल," हवालदार पुटपुटला.

"जिव्याला न्यायला कुनाला विचारलंस?"

साहेब जीपकडे निघाला होता. हवालदार त्याच्या मागं, त्याच्या मागं कंपाउंडर आणि रामा. जीप धुरळा उडवत उतारावरून गेली. नवसी मागून अशी शिवी हासडत होती की जीपचं मागचं चाक म्हणे लाजून निखळलं.

मांडवात शांत झालं. मंगळ्या नवसीच्या पुढ्यात येऊन बसला.

"बाय, आता पुडचं गा. चूक झाली."

"चूक भोपळ्याची न्हवं," नवसी म्हणाली. "बाप धरला तवा गप बसलास, त्याची बोल. पारू, गाऊ काय?"

पारूनं बापाच्या मनगटावरचे वळ चोळले.

"अर्धं लागलंय ते असू दे," ती म्हणाली. "आमच्यात लोक पोरं झाल्यावरबी लग्न लावतात, मला घाई नाय. ह्यानं हितं ऱ्हावं. बाबाच्या हाताखाली ताडी काडावी. कंपनीत नाय जायाचं. काय घालायचं नि काय नाय, ते कळलं की उरलेलं गाऊ."

"मला झाडावर चडता नाय येत," मंगळ्या म्हणाला.

नवसीनं जिव्याच्या कंबरेचा दोर ओढून घेतला आणि मंगळ्याच्या अंगावर फेकला.

"मग बसलायस काय? चड!"