आवडण्याचं काम

तुर्की भाषेच्या शिकवणीच्या तिसऱ्या तासापासून चहा माझ्या मागे येतो.

चूक माझीच. ‘मला चहा आवडतो’ हे मी शब्दाला शब्द लावून म्हटलं, “बाना चाय सेवियोर.” कानविंदे सरांनी चष्मा काढला. “बिंबाताई, हे चहाचंच तुमच्यावर प्रेम बसल्यासारखं झालं. मराठीत आवडण्याचं काम चहा करतो. तुर्कीत ते आपण करायचं. चायी सेवियोरुम. ते शेवटचं ‘यी’ खाऊ नका, ज्याच्यावर प्रेम करायचं त्याला ते लागतं.”

घरी पोचले तर पायरीवर भरलेला कप उभा. शेजारच्या देवलवहिनींचं आधण मात्र तेव्हापासून कोरडं पडतं.

पुढच्या तासाला पोहण्याच्या वाक्यात पुन्हा घसरले. पोहणं माझ्याकडे राहायलाच आलं. तलावावर लोक छातीभर पाण्यात नुसते उभे, कुणाला हात मारता येईना, आणि माझ्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी.

“परत पाठवता येईल?” मी विचारलं.

“एकदा आलेलं जात नाही,” सर म्हणाले. “वाक्य पुरं व्हायच्या आत सावरायचं.”

त्रेसष्टाव्या वर्षी ही भाषा मी हौसेनं घेतलेली नाही. माझी लेक केतकी तुर्कस्तानात, इझमीरला असते. तिची सहा वर्षांची मुलगी देफ्ने मराठी बोलत नाही. दर रविवारी ती फोनवर विचारते, आजी, तुला काय आवडतं? मी हसून वेळ मारून नेते. मागच्या रविवारी तिनं विचारलं, मी आवडते का? तेव्हाही मी हसले. त्याची मला अजून लाज वाटते.

आज स्वयंपाकघरातल्या पाण्यात पाय रोवून व्हिडिओ फोन लावला. चुकीचं वाक्य तोंडात बसलेलंच होतं, आणि खरं सांगते, मोह झाला. एक अक्षर खाल्लं की नात घरात. पण केतकीनं मग कुणाची वेणी घालायची? नाही. बरोबरच बोलायचं.

“देफ्ने,” मी म्हणाले आणि ‘यी’च्या आधीच श्वास घ्यायला थांबले.

तेवढ्यात फोनमधली तिची खुर्ची रिकामी झाली.

“आई, देफ्ने कुठे गेली गं?” केतकी म्हणाली.

माझ्या उंबऱ्यावर लाल चप्पल होती. तिच्यात घोट्यापर्यंतचं पाऊल.

मी जीव खाऊन म्हटलं, “यी.”

चप्पल जागच्या जागी वळली. टोक दाराबाहेरच्या दिशेला झालं. फोनमध्ये केतकी दुसरी चप्पल हातात धरून उभी होती, आणि ‘सेवियोरुम’ अजून म्हणायचं होतं.